डाव्या हाताचा मासा

एडवणच्या किनाऱ्यावर एक आजोबा गळाला लावायचा लाकडी मासा पॉलिशपेपरने घासत होते. अर्धांगाने उजवा हात गेलेला, म्हणून मासा पायांत धरून डाव्या हाताने काम. मग त्याला नेलपॉलिश लावलं, डोळ्यांच्या जागी टिकल्या चिकटवल्या.

शेजारी त्यांची बायको बोंबील सुकवत होती. मला म्हणाली, "माज्या टिकल्या संपवल्या, नि आता म्हने गळ टाकायला खडकावर जातो. मी नाय सोडायची."

पाण्यात सोडल्यावर मासा कुशीवर कलला. मला बाई वाईटच वाटलं. आजोबा मात्र खुशीत. "आजारी दिसतो नं? मोठा मासा आदी आजाऱ्यालाच धरतो."

पण एका हाताने माशाला दोरीची गाठ काही बसेना. बायकोने थोडा वेळ बघितलं, मग हात पदराला पुसून स्वतःच गाठ आवळली. "चला," म्हणाली, "मी पन येते."