पाठाची तालीम

माझी आत्या शिकाऊ शिक्षकांचे पाठ तपासते. विश्वास कुणावरच नाही. दूध तापवलंय म्हटलं, तरी बाईसाहेब पातेल्याला हात लावून बघणार!

परवा ती वर्गात मागच्या बाकावर बसली. शिकाऊ शिक्षिकेचा प्रश्न संपायच्या आत सगळे हात वर. आत्याच्या मनात पाल चुकचुकली.

"धडा आधीच घोटून घेतलास ना?"

"हो मॅडम," पोरगी रडकुंडीला आली. "मागच्या वेळी तुम्हाला बघून मुलांची बोबडीच वळली होती. म्हणून एकीला तुमच्या जागी बसवून सराव केला."

"कोण ती? करून दाखव."

एक चिमुरडी आत्यासमोर उभी राहिली. तिनं ओठ मुडपले, डोळे बारीक केले आणि आत्याकडे रोखून पाहिलं.

कुणी हसलं नाही. सगळ्या वर्गानं हाताची घडी घातली.

आत्यानंही.