झिपरीच्या टोपलीतला पाचवा दगड

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना सांगितलं नाही, देवापुढेही कधी उच्चारलं नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात.

आणि आधीच सांगते — मी रडायला बसलेली नाही. संताप आलाय. माझाच.

आम्ही धुळ्याचे पाथरवट. माझा बाप गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावायचा. जातं झिजून गुळगुळीत झालं की दळण नीट पडत नाही. मग छिन्नी-हातोडीने ते पुन्हा खडबडीत करायचं, ती टाकी. हत्यारांची पिशवी घेऊन मी त्याच्या मागे चालायची. कुठे मारलं की दगड कसा फुटतो, हे मला अक्षरांच्या आधी कळलं. अक्षरं नंतर आली, चौथीपर्यंत. बापाने हट्टाने शिकवलं. त्या चौथीची मला फार घमेंड होती.

लग्नानंतर आम्ही दोघं पांझरा नदीकाठच्या खाणीवर लागलो. इंग्रजांचं राज्य, सडकेचं काम निघालेलं. बाप्ये खणायचे, आम्ही बाया वाळू-गोटे टोपल्यांनी वर आणायचो, मोठे गोटे फोडून खडी करायचो. शाळेतले एक मास्तर संध्याकाळी तिथे यायचे. खाणीत खाली, पिवळ्या मातीच्याही खाली, गारगोटीचे काही दगड निघायचे — बदामासारखे, दोन्ही अंगांनी कपचे काढलेले, कडेला धार. मास्तर म्हणायचे, माणसाला लोखंड ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही हत्यारं. बाया म्हणायच्या, मास्तरला ऊन लागलं.

झिपरी तेवढी हसायची नाही. झिपरी भिलीण, साक्रीकडची, माझ्याच वयाची. तिची नजर — काय सांगू? गोट्यांच्या राशीत तिला नेमका तोच दिसायचा. तोवर असे चार दगड मिळाले होते, चारही तिनेच शोधले. आणि मास्तरांनी काय करावं? वहीत प्रत्येक दगडाचं चित्र काढलं, किती खोल मिळाला ते लिहिलं आणि त्यापुढे शाईने लिहिलं — झिपरी. चार वेळा.

तिला ते वाचता येत नव्हतं. मला येत होतं. कळतंय का? पाथरवटाची लेक मी, शाळेत गेलेली मी — आणि वहीत नाव भिलिणीचं. महिनाभर मी डोळे फाडून शोधलं. एक दगड मिळाला नाही.

मग मी एक घडवला.

बापाच्या बारीक छिन्नीने, घरात, भरदुपारी. ताज्या फुटीची चकाकी जाईना, म्हणून गोवऱ्यांच्या धुरात धरला, काजळी धरून राहावी म्हणून वर तेलाचा हात फिरवला. तुम्हाला वाटेल, स्वतःचं नाव लिहून घ्यायला घडवला. तसं असतं तर ती नुसती लबाडी झाली असती. मी तो झिपरीच्या टोपलीत टाकला. पुण्याचे कोणी जाणते गृहस्थ दगड बघायला येणार होते. त्यांच्यासमोर तिचं हसं व्हावं, एवढंच हवं होतं. एवढंच? — नाही. ती खाणीवरून जावी, हेही हवं होतं.

तिने तो दगड उलटसुलट केला आणि मास्तरांना सांगितलं, हा खालचा वाटत नाही. तिला कळलं होतं. मास्तरांनी उत्साहाच्या भरात ऐकलं नाही. पाचव्यांदा नाव लिहिलं.

गृहस्थ आले. ओल्या फडक्याने दगड पुसला. काजळी फडक्यावर उतरली. छिन्नीचा पांढरा ठिपका त्यांनी नखाने दाखवला. एक खोटा निघाला, आता बाकीच्यांचा काय भरवसा, असं म्हणून टांग्यात बसले. मुकादम झिपरीच्या जातीवर गेला. भिलिणीकडे पाथरवटाची छिन्नी कुठून येणार, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

झिपरी म्हणाली, "हाऊ मना हातना नही शे, मास्तर. बाकीना चार मना शेतस."

मास्तर माझ्याकडे वळले. "बाई, तू शिकलेली आहेस. रोज हिच्या शेजारी असतेस. हिचं खरं धरावं का?"

इतकं सरळ विचारलं. एक होकार पुरे होता. मी काय म्हटलं?

"अडाणी बाईचं काय खरं धरता, मास्तर."

त्यांनी पाचही ठिकाणी नाव खोडलं. झिपरी माझ्याजवळ आली. "अक्का, तुले वाचता येस. मनं नाव कोठे व्हतं, दखाड." मी बोट ठेवून दाखवलं. तिने तिथे आपलं बोट ठेवलं. शाई ओली होती. तिने बोट लुगड्याला पुसलं, टोपली पालथी घातली आणि गेली.

मुकादमाने ते चार दगड खडीच्या ढिगावर फेकले. ढीग माझ्या वाट्याचा होता. मी फोडले. चारही.

ते खरे होते. त्यांच्यावर लोखंडाची खूण नव्हती, आणि ती कशी असते हे त्या खाणीवर माझ्याइतकं कोणाला कळत होतं? फोडतानाही दिसत होतं. तरी हात थांबला नाही.

मास्तर पुन्हा आले नाहीत. मी तिथे वर्षानुवर्षं काम केलं. बाया मला शिकलेली म्हणून मान द्यायच्या, पत्रं वाचून घ्यायच्या, आणि मी तो मान घ्यायची. त्याची चीड येते, आजही, भाकरी थापताना येते.

झिपरीची साक्री काही लांब नाही. मी गेले नाही. पाय धड होते तेव्हाही नाही.