मंजूच्या हातातलं भिरभिरं

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर मजा म्हणून वाचायचो. कोणाला पिंपळाखाली काय दिसलं, कोणाला घाटात कोणी हात केला... वाचायचं, बायकोला सांगायचं, हसायचं आणि झोपायचं. माझ्या स्वतःच्या धंद्यात इतक्या "भुताच्या" फोटोंचा उलगडा मी लोकांना करून दिलाय की या विषयावर माझा विश्वास बसायला जागाच नव्हती. कुठे कॅमेऱ्याच्या फटीतून उजेड शिरलेला असतो, कुठे एकावर एक दोन फोटो उमटलेले, कुठे भिंगावरचा बोटाचा डाग. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, हे मी छाती ठोकून सांगायचो.

या एका गोष्टीचं कारण मला सापडलेलं नाही. आणि ती सांगायची तर माझी एक चूकही सांगावी लागते, म्हणून इतके दिवस लिहायचं टाळत होतो.

मी डहाणूला राहतो. वय बावन्न. स्टेशनपासून थोडं आत छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं हे सगळं डिजिटलवर. पण लहान मुलांचे फोटो मी आजही फिल्मवर काढतो, ब्लॅक अँड व्हाइट. कॅमेरा वडिलांचा, दोन भिंगांचा, गळ्यात अडकवून वरून खाली बघायचा. एका रोलवर बारा फोटो. डेव्हलपिंग स्टुडिओमागच्या खोलीत मीच करतो. मुंबईचे लोक सुट्टीत इथे आले की आवर्जून मुलांना घेऊन येतात, चिकूच्या वाड्यांवरचे जुने लोक तर नातवंडांसाठी मलाच बोलावतात. बायको म्हणते, "जगात सगळ्यांना फोटो लगेच दिसतो, तुमच्या गिऱ्हाइकाला आठवडाभर नवस बोलावा लागतो."

माझी एक पद्धत होती. लहान मुलं त्या पेटीसारख्या कॅमेऱ्याला बिचकतात. म्हणून फिल्म भरण्याआधी मी एक-दोनदा नुसतंच शटर दाबायचो. खट् असा आवाज होतो, मूल दचकतं, मग हसतं, मग त्याची भीती जाते. नंतर फिल्म भरायची आणि खरे फोटो काढायचे. याला मी 'रिकामा क्लिक' म्हणायचो. त्यात फसवणूक नव्हती, कारण रिकाम्यानंतर प्रत्येक मुलाला भरलेला मिळायचाच.

एकीला मिळाला नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी, माघातली गोष्ट. सरावलीजवळच्या एका वाडीत मालकांच्या नातवाचे फोटो काढायला गेलो होतो. पोरगं दोन वर्षांचं, महाहट्टी. बारा फोटो होईपर्यंत साडेअकरा वाजले. रोल गुंडाळून बाहेर काढला, कागदाची पट्टी चिकटवून खिशात टाकला. कॅमेरा रिकामा झाला. आवराआवर करतो तेवढ्यात एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. सात-आठ वर्षांची, तेल लावून घट्ट दोन वेण्या. तिची आई तिथे चिकू तोडायच्या कामाला होती, तलासरीकडच्या वेवजीहून आलेली.

"माझा काढ ना," मुलगी म्हणाली.

"नाव काय तुझं?"

"मंजू. त्याचे किती काढले... माझा एकच काढ."

पिशवीत दुसरा रोल होता, हे मी लपवणार नाही. पण एका फोटोसाठी नवा रोल कोण उघडणार, आणि जेवायची वेळ झालेली. मी म्हटलं, "उभी राहा तिथे." ती चिकूच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. मुलांची नजर खेचायला मी पिशवीत कागदाची भिरभिरी ठेवतो, त्यातलं एक तिच्या हातात दिलं. वाकलो, फोकस केला... फोकस का केला कोण जाणे, सवय. आणि शटर दाबलं.

"आला?" तिने विचारलं.

"आला. मस्त आलाय."

"मला कधी देशील?"

"देईन आईकडे. हे भिरभिरं राहू दे तुला."

ती पळत आईकडे गेली आणि मी जेवायला घरी आलो. संध्याकाळपर्यंत विसरलोही होतो.

दसऱ्याच्या आसपास, दुपारी, एक बाई स्टुडिओच्या पायरीवर येऊन उभी राहिली. आत येईना. मी म्हटलं, "या ना ताई, पासपोर्ट का?"

"नाय. मी मंजूची आई. वाडीत फोटो काढला होता तुम्ही, भिरभिरं दिलं होतं."

मला आठवलं. मी विचारलं, मंजू कशी आहे. ती म्हणाली, "श्रावणात गेली. ताप आला, चार दिवसांत गेली." इतकं सरळ सांगितलं की मला पटकन कळलंच नाही. मग म्हणाली, "घरात तिचा फोटो नाय. मोबाइल होता तो बिघडला, त्यातलं सगळं गेलं. आधार कार्डावर आहे, पण त्यात ओळखू येत नाय. तुम्ही काढलेला चांगला आला, असं ती सांगायची. तो द्या."

तेव्हा खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "ताई... तो रोल खराब झाला. पाणी गेलं."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "बरं," म्हणाली आणि निघून गेली. मागच्या खोलीत फिल्म धुवायला कालवलेलं रसायन त्या दिवशी मी ओतून दिलं. काही कामच होईना. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती एकच वाक्य बोलली, "रोल पिशवीत होता ना तुमच्या?" 

दिवाळी झाली. जवळची फिल्म संपली होती म्हणून मुंबईहून नवं पाकीट मागवलं. तारखेचं महत्त्व पुढे कळेल, म्हणून सांगतो: ते पाकीट दिवाळीनंतर घरात आलं आणि सीलबंद होतं, मीच फोडलं. त्यातला पहिला रोल डहाणूच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली, मुंबईच्या एका जोडप्याच्या मुलावर वापरला. सकाळी आठ वाजता, बारा फोटो. दुपारी डेव्हलप केला आणि ओली फिल्म वाळत घालायला उजेडात धरली.

बारा फ्रेम त्या मुलाच्या. सगळ्या नीट. आणि त्यांच्या आधी एक तेरावी.

फिल्मच्या सुरुवातीला तीन-चार बोटं जागा नेहमी कोरी राहते. तो भाग भिंगासमोरून सरकतो तेव्हा शटर बंद असतं. तिथे काही उमटायचा प्रश्नच येत नाही. तिथे, अगदी कडेला लागून, एक मूल झाडाला टेकून उभं होतं. निगेटिव्हमध्ये चेहरा काळा दिसतो, त्यामुळे ओळखलं नाही. हातातलं ओळखलं.

प्रिंट काढली. मंजू. दोन वेण्या, मागे चिकूचा बुंधा, हातात भिरभिरं. वारा नव्हता त्या दिवशी, पण भिरभिऱ्याची पाती फिरत असल्यासारखी पुसट आली आहेत. बाकी सगळं सुईसारखं शार्प. आणि तिच्या पायाशी, मातीवर, माझी सावली... कॅमेऱ्यावर वाकलेली.

बायकोने प्रिंट बराच वेळ पाहिली. मी म्हटलं, "हे शक्यच नाही गं. ही फिल्म तेव्हा घरातच काय, गावातसुद्धा नव्हती."

"ते नंतर बघा," ती म्हणाली. "आधी ज्याचं त्याला नेऊन द्या. आणि जाताय तर सगळं सांगून या."

दुसऱ्या दिवशी मोटरसायकलने निघालो. अच्छाडच्या चेकनाक्यावर ट्रकच्या रांगेजवळ एका टपरीवर थांबलो. चहा मागवला आणि बोलायची वाक्यं मनात जुळवत बसलो. चहा तसाच राहिला. टपरीवाला म्हणाला, "शेठ, इथे गाड्या अडकतात, माणसं नाही. प्या की." मी तो गार चहा प्यायलो आणि वेवजीकडे वळलो.

मंजूची आई अंगणात भात वाळवत होती. मला ओळखून तिने बसायला खाट ओढली. कुडाच्या भिंतीत खोचलेलं भिरभिरं मला तिथूनच दिसलं, एक पातं फाटलेलं. मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिने प्रिंट काढली, पदराने हात पुसले आणि मग पुन्हा धरली. रडली नाही. अंगठा वेण्यांच्या अगदी जवळ नेला, पण टेकवला नाही.

मी म्हणालो, "ताई, मी तुमच्याशी खोटं बोललो. रोल खराब झाला नव्हता. मी फोटो काढलाच नव्हता. कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती. पोरीचं मन राखायला नुसतं बटण दाबलं."

तिने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग हा कोणी काढला?"

"मला माहीत नाही."

"ही सावली कोणाची?"

"माझी."

"मग?" ती म्हणाली. "ती तर त्याच दिवशी सांगत आली, फोटो आला, चांगला आला. मी म्हटलं, तुला काय माहीत? तर म्हणे, फोटोवाल्या काकाने सांगितलं."

"ते मी उगाच म्हणालो होतो, ताई."

"असं नका बोलू भाऊ. द्यायला उशीर झाला, एवढंच ना? होतो उशीर." तिने प्रिंट पाकिटात ठेवली आणि आतून माझ्यासाठी पाणी आणलं. मी पुन्हा एकदा सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं, जसं आपण शरमलेल्या माणसाचं ऐकून घेतो तसं. निघताना म्हणाली, "वाडीत आलात तर सांगा. धाकटा आहे, त्याचाही काढून घेऊ."

धाकट्याचे फोटो मी मागच्या महिन्यात काढले, पूर्ण रोल. रिकामा क्लिक मी त्या दिवसापासून बंद केला आहे. बिचकलेलं मूल बिचकलेलं येऊ दे, पण कॅमेऱ्यात फिल्म असतेच.

ती निगेटिव्ह धंद्यातल्या दोघा जुन्या माणसांना दाखवली. एक म्हणाला, वापरलेला रोल पुन्हा भरला असशील. दुसरा ती भिंगाखाली धरून बघत राहिला आणि परत देताना म्हणाला, "जपून ठेव." मी कॅमेरा उघडून तपासला, मोजमापं घेतली, तसाच रोल भरून दहा वेळा प्रयोग केला. सुरुवातीची जागा प्रत्येक वेळी कोरीच आली.

तुमच्यापैकी कोणाला तांत्रिक कारण सुचलं तर जरूर सांगा, मी मनापासून वाचेन. पण हे लिहिण्यामागचं कारण वेगळं आहे. जिला खरं सांगायचं होतं, तिला मी दोनदा सांगितलं. तिने ते मानलं नाही, आणि तिच्या हातातला फोटो बघता तिचंच बरोबर ठरतं. म्हणून निदान इथे तरी लिहून ठेवतो. त्या दिवशी माझ्या कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. ती पिशवीत होती, आणि मी ती काढली नाही.