बाईंच्या दारात बाकं आली नाहीत

आज सकाळी आमच्या हायस्कूलच्या वैद्य बाई गेल्या आणि त्यांच्या दारात टेकायला एक बाक नव्हतं.

बाहेरच्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगतो.

आमच्या गावात कुणी गेलं की आधी हायस्कूलची बाकं यायची, मग नातेवाईक. बाई मुख्याध्यापिका झाल्या आणि त्यांनी ही पद्धत पाडली.

लग्नाच्या पंगती, मतदान, लसी, पुरात घर गेलेली माणसं... सगळं त्या शाळेनं सांभाळलं. पण माझ्या डोक्यात बाकंच बसलीयत.

माझे अण्णा खोपोलीच्या एका कंपनीत अपघातात गेले तेव्हा मी नववीत होतो. अंगणात घोटाभर चिखल.
बाई स्वतः टेंपोत पुढे बसून आल्या. मागे आमच्याच वर्गाची बाकं.

आई म्हणाली, "बाई, मंग पोरं कुठं बसतील?"

"आज जमिनीवर. त्यांनाही कळू दे, कुणाच्या घरी काय झालंय."

वरच्या साहेबांनी त्यांना झापलं म्हणे.
पुढच्या मयताला बाकं पुन्हा आली.

यंदा जूनमध्ये शाळा बंद झाली. पट कमी.
पोरांना पिवळ्या बसमध्ये कोंबून कर्जतला आपणच पाठवलं. आता कुणाच्या नावानं खडे फोडायचे?

आज चावी मागायला गेलो. शाळेची राखण करणारा सदू, तोही बाईंचाच विद्यार्थी.

"चावी तालुक्याला हाय रं. अर्ज द्यावा लागंल."
"सदू, बाई गेल्यात!"
"मला काय कळत नाय?" म्हणाला आणि तिथंच रडायला लागला.

खिडकीतून बाकं दिसत होती. एकावर एक रचलेली, धूळ खात पडलेली.
इतका संताप आला की कुलूप फोडावंसं वाटलं. नाही फोडलं. बाईंना आवडलं नसतं, अशी मनाची समजूत घातली.

बाईंच्या घरी परत आलो तर कुणीतरी मंडपवाल्याला खुर्च्यांसाठी फोन लावत होतं.
माझी आई ओसरीवरून ओरडली, "नको रं! त्यांनी आमाला बाकं दिली, आन् आमी त्यांच्या दारात भाड्याच्या खुर्च्या मांडायच्या?"

फोन ठेवला.

मग सगळे उभेच राहिले. दहिवली, लोधिवली, कुठून कुठून आलेले माजी विद्यार्थी. कितीतरी जणांचे केस पिकलेले, गुडघे गेलेले.
तिरडी उठेपर्यंत कुणी टेकलं नाही.

वर्गात बाई आल्या की आम्ही उभे राहायचो. त्या "बसा" म्हणेपर्यंत बसायची सोय नव्हती.

आज "बसा" म्हणणारं कुणी नव्हतं.

बाई, या आता.
वर्ग उभा आहे.