एक चहा दोघांत

त्या वेळची मी आता समोर आले, तर तिला चुलीपुढं बसवून आधी पोटभर हसून घेईन. केस अर्धे पिकलेले, अक्कल मात्र हिरवीगार!

मालक गेले. तेरावा झाला न झाला, तोच दिरानं आमच्या दोन खोल्यांना कुलूप घातलं. वर गोड बोलला, "वहिनी, चारठाण्याला लेकीकडं जावा. इथं एकट्या काय करायल्यात?" मी गेले नाही. अंगणातल्या शेरडांच्या छपरात वाकळ टाकली आणि तिथंच राहिले. शेरडांची अडचण झाली, पण ती बिचारी बोलली नाहीत.

अशात गावच्या देवळाच्या सभामंडपात तालुक्याचे वकील आले. गरिबांच्या केसेस फुकट लढतो म्हणाले. एक वकीलबाई, लेकीच्या वयाची, माझ्याजवळ बसली आणि सगळं ऐकून घेतलं.

"फी किती पडंल, बाई?"

"काही नाही, मावशी."

झालं, पाल चुकचुकली. आमच्यात मेंढरं कातरणारासुद्धा जेवल्याशिवाय कातर उचलत नाही. आणि ही एवढी शिकलेली बाई फुकट राबणार? हिचं पोट कोण भरतंय? दुसरं कोण, दीरच असणार! खात्री करायला मी तिच्याकडं कोंबडी घेऊन गेले. "मावशी, आम्हाला हे घेता येत नाही," म्हणाली. चांगली अंड्यावर आलेली तलंग होती हो! कोंबडीला नाही म्हणणारं माणूस मी जन्मात बघितलं नव्हतं. संशय पक्का झाला.

तरी तिच्या कागदावर अंगठा दिलेला, म्हणून तारखेला जिंतूरच्या कोर्टात गेले. "आज बहुतेक कुलूप काढायचा हुकूम होईल," बाई म्हणाली. मी कोर्टाच्या ओट्यावर बसले, मुद्दाम चहाचं हॉटेल दिसेल अशी. थोड्या वेळानं बघते तर काय, माझी वकीलबाई आणि दिराचा म्हातारा वकील एका बाकड्यावर! म्हाताऱ्यानं एक चहा मागवला, दोन ग्लासांत ओतला आणि दोघं हसत प्यायला लागले.

आमच्या भावकीत भांडण मिटलं की पंच असंच करतात. एक चहा दोघांत ओततात, दोन्ही बाजू पितात, की तंटा संपला. त्याआधी कुणी समोरच्याचं पाणीसुद्धा तोंडाला लावत नाही. मला न विचारता हिनं मिटवून टाकलं!

आत पुकारा झाला. बाई बोलायला उभी राहिली, तशी मी ओरडले, "सायेब, ही माझी वकील न्हाई! ही तिकडं मिटवून आली."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "कोण सांगतं?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलं. एक चहा दोघांत पिली!"

सगळं कोर्ट हसलं. म्हातारा वकील लगेच उठला. "साहेब, पक्षकाराचाच वकिलावर भरवसा नाही. पुढची तारीख द्यावी." मिळाली. दीर मिशीत हसला. कुलूप राहिलं, आणि मी परत शेरडांत. त्यात थंडीचे दिवस.

पायऱ्यांवर बाईनं मला थांबवलं. रागावली नव्हती, त्याचाही मला संशयच आला.

"मावशी, आमचं भांडण कोर्टात. बाहेर ते मला वडिलांसारखे आहेत."

"म्हंजी आत लटकंच भांडता व्हय?"

तिनं कपाळाला हात लावला. "तुम्हाला दुसरा वकील मागता येतो. मी अर्ज लिहून देते."

"त्योबी हितंच चहा पीत असंल."

आता मात्र ती खळखळून हसली. "बरं, तुमचा निकाल लागेपर्यंत त्यांच्यासोबत चहा बंद. मग तर झालं?"

पुढच्या तारखेला मी पुन्हा ओट्यावर, पहाऱ्याला. म्हाताऱ्यानं हाक मारली, "या मॅडम, चहा सांगितलाय." ही लिंबाखाली उभी राहूनच म्हणाली, "नको सर, माझी मावशी बघायलीय." म्हातारा माझ्याकडं वळून बघत राहिला. मीही डोळे वटारले. आत बाई अशी भांडली, अशी भांडली, की दिराला घाम फुटला. मला मात्र वाटत होतं, फारच चांगली भांडते, नक्की काहीतरी असणार.

हुकूम झाला. कोर्टाचा माणूस आणि पोलीस घरी आले. सोबत बाईही आली, पदरच्या तिकिटानं, एसटीनं. दिरानं तोंड पाडून कुलूप काढलं आणि किल्ली माझ्या हातावर टेकवली. दार उघडलं. आतला कोंदट वास आला आणि मला रडू फुटलं. मी उंबऱ्यातच बसले. सगळे निघायला लागले.

बाई तेवढी हलली नाही. दिराकडं बघत म्हणाली, "काका, कुलपाला दोन किल्ल्या येतात. दुसरी कुठाय?"

दीर म्हणाला, "हरवली."

"शोधा. मी थांबते. शेवटची गाडी उशिरा आहे."

आणि ती खरंच माझ्या शेजारी, उंबऱ्यावर टेकली. दीर उभा, आम्ही दोघी त्याच्याकडं बघतोय. शेवटी त्यानं करदोट्याची गाठ सोडली. किल्ली तिथंच होती.

तेव्हा कुठं मला पटलं, ही बाई माझीच.