शेचाळीस चिंध्यांची दोरी

चौदा वर्षं मी एक गोष्ट छातीठोकपणे शिकवली आणि ती चुकीची निघाली. हे मी हसत सांगतो, कारण चूक कुणी काढली तेच मला सांगायचं आहे.

मी पैनगंगेच्या तेलंगणाकडच्या काठावरल्या एका गावात मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. आदिलाबादजवळच्या मावल्याहून मोटारसायकलवर जातो-येतो. माझी आई लोकांच्या शेतात सरकी टोबायची. शेताच्या दोन टोकांना दोरी ताणायची, दोरीवर हात-हात अंतरावर लाल चिंध्या बांधलेल्या, प्रत्येक चिंधीखाली बी टाकायचं आणि दोरी पुढच्या तासावर, म्हणजे ओळीवर, न्यायची. आई गेल्यावर भावाने घरातली भांडी घेतली, मी दोरी घेतली. फायद्यात मीच राहिलो.

पृथ्वीचं वय सुमारे चारशे साठ कोटी वर्षं. फळ्यावर एवढी शून्यं काढली की पोरं जांभया देतात. म्हणून मी दोरीवर मोजून शेचाळीस चिंध्या ठेवल्या. एक चिंधी म्हणजे दहा कोटी वर्षं. आठवी-नववी एकत्र करायची, मैदानात दोरी ताणायची आणि चिंधीगणिक एक पोर उभं करायचं. पहिल्या पंचवीस-तीस चिंध्यांवरची पोरं कुरकुर करतात, कारण त्यांच्या वाट्याला डोळ्यांना दिसेल असा एकही जीव येत नाही. डायनोसोर येतात ते शेवटच्या तीन चिंध्यांत. आणि माणूस? शेवटच्या चिंधीचा एक धागा उपसून मी वर धरतो. तेव्हा मैदानात जी शांतता पसरते ती मी दुसऱ्या कुठल्याच तासाला पाहिलेली नाही. हा धडा माझ्यासारखा कुणी शिकवत नाही, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

आता चुकीकडे येतो. आमच्याकडे पेरणीआधी शेतातले गोटे वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकतात. त्यांत कधी कधी दगड झालेली गोगलगाय सापडते, बोराहून जराशी मोठी. शाळेत सरस्वतीच्या फोटोपुढे बासरहून कुणीतरी आणलेला शंख आहे. मी एका हातात शंख आणि दुसऱ्या हातात ती दगडी गोगलगाय धरायचो आणि विचारायचो, "सारखं हाय का नाई?" पोरं एका सुरात "हाव सर!" म्हणायची. झालं, समुद्र सिद्ध. शाळेच्या भिंतीवर मी स्वतः ऑइलपेंटने लिहून ठेवलं होतं, 'एके काळी येथे समुद्र होता.' सरपंच पाहुण्यांना आधी ती भिंत दाखवायचे, मग बोअरवेल.

त्या वर्षी आदिलाबादच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी नववीतल्या एका मुलीला निवडलं. तिची आईही सरकी टोबणारी. दहावीनंतर तिला शिकायला बासरच्या कॉलेजात पाठवायचं की घरी बसवायचं, यावरून तिच्या घरी वाद चालला होता. जिल्ह्यात पोरीचं नाव झालं तर पाठवू, एवढं बापानं कबूल केलं होतं. त्यामुळे तो चार्ट तिच्यासाठी नुसता चार्ट नव्हता, आणि हे मला पक्कं माहीत होतं.

चार्ट करताना ती म्हणाली, "सर, हे समुद्रातलं नाई वाटत. आमच्या नाल्यातलं हाय."

"काऊन? तू समुद्र पाह्यला काय?"

"नाई. पन नाला पाह्यला ना."

वर्ग हसला. मला राग आला, खोटं कशाला बोलू. 'समुद्र' लिहायचं नसेल तर दुसरी मुलगी जाईल, असं मी सर्वांदेखत तिला सुनावलं.

दुसऱ्या दिवशी ती स्टीलच्या डब्यात नाल्यातली जिवंत गोगलगाय घेऊन आली. टेबलावर तिनं तिन्ही शेजारी-शेजारी ठेवली, तिन्हींची टोकं वर. "आता तोंडं पाहा, सर." शंखाचं तोंड उजवीकडे होतं. दगडीचं डावीकडे. डब्यातलीचंही डावीकडे, आणि कवच तसंच पातळ, वेटोळं तसंच. मी भिंग घेऊन पुष्कळ वेळ पाहिलं. चौदा वर्षं मी दोन्ही हातांत पुरावा धरून उभा होतो आणि एकदाही नीट पाहिलं नव्हतं. तेव्हाच 'तुझं बरोबर आहे' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बघू."

घरी जाऊन पुस्तकं काढली. ती बरोबर होती. आमच्याकडचा काळा दगड लाव्हाचा; त्याचा एक थर येऊन थंड झाला की त्यावर तळी साचत, त्यांत गोगलगाई वाढत, मग पुढचा थर येऊन सगळं झाकून टाकी. ही दगडी गोगलगाय तळ्यातली होती. तरी मी तिला काही बोललो नाही. भिंत आडवी येत होती.

प्रदर्शनात तिनं दोरी ताणली, चार्ट लावला. गोगलगाईच्या चित्राखाली जागा कोरी होती. खोटं लिहायचं नव्हतं आणि माझा शब्दही मोडायचा नव्हता, म्हणून तिनं काहीच लिहिलं नव्हतं. परीक्षक तेलुगू होते, पण त्यांना मराठी समजत होतं. त्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मागे तिचा बाप उभा होता. मला फार लाज वाटली.

"तळं लिही," मी मोठ्यानं म्हणालो. "साहेब, मी समुद्र शिकवत होतो. माझं चुकलं. हिनं दाखवून दिलं."

तिनं 'तळं' लिहिलं. मग मी धड्यात शिकवलं होतं तसं दोरीच्या शेवटच्या टोकापासून एक वीत आणि चार बोटं मोजून म्हणाली, "हा लाव्हा, अन् ही गोगलगाय इथली." नंतर दोरीच्या कडेनं मागे मागे चालत ती शेवटून दहावी चिंधी ओलांडून गेली. "समुद्र पन होता, सर. चुनखडी समुद्रात साचते हे तुमीच शिकवलं, आपल्या धुऱ्यावरचा चुनखडीचा गोटा त्याच्यातला हाय. तुमचा समुद्र इथं हाय." माझा समुद्र तिनं बुडू दिला नाही, नेऊन त्याच्या जागी ठेवला. माझे डोळे भरून आले.

पहिलं बक्षीस सोड्याच्या फसफसत्या ज्वालामुखीला मिळालं. आम्हाला काहीच नाही. बसस्टँडवर मी तिच्या बापाला काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होतो, तोच तो दोरीची गुंडाळी खांद्यावर नीट करत म्हणाला, "राहू द्या सर. मास्तर चुकले अन् पोरगी बरोबर, हे मी आज माह्या कानानं आयकलं. आता तिले घरी ठेवून मी काय करू?"