फट न ठेवलेली जमीन

कुठेही उभा राहिला की आमचा हा शेजारी आधी टाच आपटून बघायचा. किराणा दुकानात, बसथांब्यावर, एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेत. मग मान हलवून म्हणायचा, "कोरडी शे."

कोरड्या जमिनीचं वेड त्याला उगीच लागलं नव्हतं. सुरतेत भेस्तानला खाडीच्या कडेला आमच्या खोल्यांची रांग होती. खाली नावाला सिमेंट, त्यातून बारा महिने ओल वर यायची. सकाळी गोधडी उचलली की पिळून वाळत घालावीशी वाटे. बाळंतपणानंतर त्याची बायको सांध्यांनी आखडली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला, ती तान्ह्या पोरीला घेऊन माहेरी गेली. खानदेशातल्या सगळ्याच लेकी जातात. बाकीच्या परत आल्या, ती आली नाही. निरोप तेवढा आला: त्या ओल्या जमिनीवर मी आता पाऊल ठेवणार नाही.

तुम्ही-आम्ही असतो तर दुसरी खोली शोधली असती, नाहीतर सासऱ्याच्या हातापाया पडलो असतो. या पठ्ठ्याने भंगारवाल्याकडून मशिनच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. कापडाच्या लूमवरची पाळी संपवून आला की याची दुसरी पाळी सुरू. जेवायचा तोही उभ्यानं, एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात हातोडी. खाली विटा मांडल्या, विटांवर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर फळ्या. चार ठोकायच्या, मनासारख्या नाही बसल्या की दोन उखडायच्या. "आज व्हई जाई, वहिनी!" हे रोजचंच. भिंतीपलीकडे माझ्या डोक्याचा भुगा व्हायचा.

एकदा वैतागून बघायला गेले. फळीला फळी अशी भिडवली होती की मध्ये सुई जाईना. थेट भिंतीपर्यंत तसंच.

"अरे, जरा तरी फट ठेव."

तो दुखावलाच. "कपडामा फट चालस का, वहिनी? शेठ लगेच माल परत करस. मंग आठे कशी चाली?"

जन्म ताण्याबाण्यात गेलेला. विरळ ते वाईट, एवढंच त्याचं शास्त्र. मला तरी त्यातलं काय कळत होतं? घरी येऊन भाजी चिरायला बसले.

जमीन झाली आणि तो स्वतः जाऊन बायकोला घेऊन आला. ती अनवाणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरली. मग पोरीला खाली सोडलं. तो दारात उभा राहून नुसता तिचं तोंड न्याहाळत होता.

आषाढात हवा दमट झाली आणि फळ्या फुगल्या. पसरायला जागा नाही, म्हणून वर उठल्या. एका दुपारी तो पाळीवरून आला तर दार उघडेना. दार आत उघडणारं, त्यालाच फळ्या आडव्या आलेल्या, आणि मायलेकी आत. त्याने खांदा लावला, लाथ मारली. शेवटी घामाघूम होऊन माझ्याकडे वळला.

"आते ती जाई, वहिनी. आते नक्की जाई."

त्याची थट्टा करायची मला खोडच होती, पण त्या वेळी मीही दाराला खांदा लावला.

"दार तोडू नका," आतून तिचा आवाज आला. "मी फळी काढस."

हातोडी आतच होती. बराच वेळ खटपट ऐकू आली, मग दार उघडलं. तिच्या हातात उखडलेली फळी, कपाळावर धूळ. हा खाली मान घालून उभा.

"इतलं घट्ट कोनी ठोकस का?" ती म्हणाली आणि फळी त्याच्या हातात दिली. "बाकीन्या काढा. आपन दोन्ही मिळीसन लावूत."

मी हुश्श केलं. दोघांनी मिळून सगळी जमीन पुन्हा बसवली, या खेपेला फळ्यांमध्ये काडेपेटीच्या काड्या धरून.

पुढे त्याला कडोदऱ्याला काम मिळालं. तिथली खोली पक्की, फरशी घातलेली. टेम्पोत सामान चढलं. फळ्यांचं आता काय काम, त्या भंगारवाल्याला देऊन टाकू, असं तो म्हणाला. पोरीला कडेवर घेऊन ती टेम्पोपाशी उभी होती. चढेचना.

"पहिले फळ्या," ती म्हणाली. "मंग मी."

त्याने टेम्पोवाल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हातोडी घेऊन आत पळाला.

त्यानंतर तो मला कधी दिसला नाही. शेवटचा दिसला तो टेम्पोतच. ती पोरीला मांडीवर घेऊन फळ्यांच्या ढिगावर बसली होती. त्याला बसायला जागा होती तरी तो उभाच होता, एका हाताने ढीग धरून, दुसऱ्या हाताने तिला.